नाइट ड्युटीनंतरची झोप : नर्सनी मोबाइल कामाला कसा लावावा

नाइट ड्युटी करणाऱ्या नर्सने ॲप स्टोअरमध्ये ‘स्लीप’ टाइप केलं की शेकडो ॲप समोर येतात. त्यातली बहुतेक रात्री अकराला आडवं होऊन सकाळी सहाला उठणाऱ्या माणसासाठी बनवलेली असतात. ऐन औषधांच्या राउंडला ती ‘झोपायची वेळ झाली’ अशी सूचना पाठवतात. दुपारची सहा तासांची झोप ती डुलकी म्हणून मोजतात आणि आठवड्याच्या शेवटी ‘तुमची झोप अनियमित आहे’ असा शेरा देतात. हा अनियमितपणा नर्सने निवडलेला नसतो, तो रोस्टरमधून येतो. त्यामुळे अशा शेऱ्याचा तिला काडीचा उपयोग नाही.

माझं स्पष्ट मत असं आहे की रात्रपाळीच्या नर्सला झोप मोजणाऱ्या फोनपेक्षा झोप राखणारा फोन हवा. रोस्टर हातात पडताच झोपेच्या वेळा आखून देणारा, त्या वेळेत कुणाला आत न येऊ देणारा आणि ड्युटीआधी नक्की उठवणारा. यातलं बरंचसं फोनमध्ये आधीपासून असतंच. एखाद्या ऑफच्या दिवशी तास-दीड तास काढून पहिल्या तीन पायऱ्या उरकून घ्या. बाकीच्या पुढच्या नाइट्समध्ये एकेक करून जमवा.

आधी थोडं शरीराच्या घड्याळाबद्दल

हे वाचायचा कंटाळा करू नका, कारण पुढच्या सगळ्या सेटिंग्जचं उत्तर इथे आहे. मेंदूत हायपोथॅलॅमसच्या भागात सुप्राकायझमॅटिक न्यूक्लिअस नावाचा सुमारे २०,००० पेशींचा पुंजका असतो. तेच आपलं मुख्य घड्याळ. त्याचा स्वतःचा फेरा २४ तासांहून किंचित लांब असतो आणि डोळ्यांतून येणारा उजेड त्याला रोज जागेवर आणतो. दुसरीकडे, जितका वेळ जागे राहाल तितकं मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि झोपेची ओढ वाढते. १९८२ मध्ये अलेक्झांडर बोर्बेली यांनी झोपेचं गणित याच दोन गोष्टींवर मांडलं आणि झोपेचं शास्त्र आजही तोच पाया धरून चालतं.

नर्सच्या बाबतीत या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध ओढतात. पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं आणि घड्याळ सांगत असतं, झोप. सिरिंज पंपावरचा दर दोनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही, ती हीच वेळ. सकाळी साडेनवाला अंथरुणावर पडलात की रात्रभराच्या जागरणामुळे झोप लगेच लागते. पण दुपार जवळ आली की साचलेली ओढ निम्मी फिटलेली असते आणि घड्याळ जोरात जागं करू लागतं. म्हणून दिवसाची झोप चार-पाच तासांनी आपोआप मोडते, आणि मध्येच कुणी उठवलं तर पुन्हा डोळ्याला डोळा लागत नाही. रात्री दोनला मोडलेली झोप परत लागते. सकाळी साडेअकराला मोडलेली बहुतेकदा गेली ती गेलीच.

पायरी १ : रोस्टर आलं की आधी झोप लिहा

ड्युटी सगळेच लिहून ठेवतात, निदान रोस्टरचा फोटो तरी काढतात. झोप मात्र कुणी लिहीत नाही, आणि न लिहिलेली वेळ सगळ्यांना मोकळी वाटते. घरच्यांना वाटते, शाळेच्या पालकसभेला वाटते आणि आपल्यालाही वाटते. म्हणून फोनच्या साध्या कॅलेंडरमध्ये ‘झोप’ नावाचं वेगळं कॅलेंडर उघडा, त्याला गडद रंग द्या आणि रोस्टर मिळालं त्याच दिवशी झोपेच्या वेळा भरून टाका. हे कॅलेंडर घरातल्या मोठ्या माणसांबरोबर शेअर करा. पाहुण्यांना कधी बोलवायचं, दुरुस्तीवाला कधी आणायचा हे मग ते पाहून ठरवतात आणि तुम्हाला दर वेळी सांगत बसावं लागत नाही.

कोणत्या वेळा भरायच्या? रात्री ८ ते सकाळी ८ अशी पाळी धरून सांगते. तुमची पाळी वेगळी असेल तर तितके तास पुढे-मागे करा.

पहिली नाइट सगळ्यात धोक्याची. सकाळी सातला उठून, दिवसभर घरचं आवरून तसंच ड्युटीवर गेलात तर पहाटे पाचला सलग २२ तास जागरण झालेलं असतं. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं होतं की सलग १७ तास जागं राहिल्यावर कामातली अचूकता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना होते तितकी घसरते. २२ तासांची गोष्ट त्याच्याही पुढची. तेव्हा त्या दिवशी सकाळी जमेल तितकं उशिरा उठा आणि दुपारी दोन ते साडेतीन ही वेळ कॅलेंडरमध्ये अडवून ठेवा. झोपेचा एक फेरा साधारण ९० मिनिटांचा असतो, म्हणून दीड तास. झोप लागली नाही तरी अंधार करून पडून राहा.

मधल्या नाइट्सना सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेचार ही वेळ अडवा. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात. दिवसा ते सलग मिळणं कठीण असतं, म्हणून वेळ ऐसपैस ठेवायची. दुपारी मुलांना शाळेतून आणायचं असेल तर दोन भाग करा : सकाळी साडेनऊ ते दोन, आणि परत संध्याकाळी पाच ते साडेसहा. तुकड्यातली झोप कमी प्रतीची म्हणून काहीजणी दुसरा तुकडा सोडूनच देतात. तसं करू नका. एकूण तास भरणं जास्त महत्त्वाचं आहे.

शेवटच्या नाइटनंतर मात्र मनसोक्त झोपायचा मोह आवरा. सकाळी दहा ते साडेबारापर्यंत झोपून उठा, बाहेर उजेडात जा आणि रात्री नऊ-दहाला अंथरूण धरा. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत झोपलात तर रात्र टक्क जागेपणी जाते आणि ऑफचा दुसरा दिवसही वाया जातो.

कायम नाइट करणाऱ्यांसाठी वेगळा मार्ग आहे. शिकागोच्या रश विद्यापीठात शार्मेन ईस्टमन यांच्या गटाने ‘मधली जागा’ शोधून काढली : नाइटनंतर सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन झोपायचं, आणि ऑफच्या दिवशी पहाटे तीन ते दुपारी बारा. त्यामुळे दोन्ही झोपांचे काही तास एकमेकांवर येतात. घड्याळ हळूहळू सरकतं आणि सगळ्यात गाढ झोपाळू तास पहाटे चारवरून सकाळी दहाच्या आसपास जातो. तेव्हा तुम्ही ड्युटीवर नसता, अंथरुणात असता. किंमत अशी की ऑफच्या दिवसाची सकाळ जाते. ती द्यायची की नाही हे घरच्या परिस्थितीवर ठरवा. दोन-तीन नाइट्स करून पुन्हा मॉर्निंगला जाणाऱ्यांनी या फंदात पडू नये. तेवढ्या दिवसांत घड्याळ सरकत नाही, नुसती ओढाताण होते.

इथे दोन प्रकारची ॲप कामाला येतात. सुपरशिफ्टसारख्या शिफ्ट कॅलेंडर ॲपमध्ये पाळीचा नमुना एकदा भरला की महिनाभराचं रोस्टर चार टिचक्यांत उभं राहतं. टाइमशिफ्टर आणि आर्काशिफ्ट ही त्यापुढची : रोस्टर दिलं की कधी झोपायचं, कधी उजेडात राहायचं, कधी उजेड टाळायचा आणि कॅफीन कधी थांबवायचं याचं वेळापत्रक ती काढून देतात. एकाच ॲपवर पैसे खर्च करायचे असतील तर ते याच जातीच्या ॲपवर करा. आधी मोफत चाचणीत आपलं खरं रोस्टर भरून बघा. अदलाबदल झालेली ड्युटी किंवा अचानक लागलेली डबल ड्युटी ते सामावून घेत नसेल तर सोडून द्या.

पायरी २ : फोनला दार लावा

सकाळचे ११ वाजून २० मिनिटं. झोप लागून दीड तास झालाय. वॉर्डमधून फोन : ‘सिस्टर, झोपला होतात का? सॉरी, एकच विचारायचं होतं. इन्सुलिनची नवी व्हायल कुठे ठेवलीत?’ उत्तर द्यायला दहा सेकंद लागतात. पण फोन ठेवल्यावर मन वॉर्डात पोचलेलं असतं. कपाटाची चावी दिली का, चार नंबरच्या पेशंटचा रिपोर्ट कुणी पाहिला का, इनटेक-आउटपुटची बेरीज लिहिली का. बाहेर लख्ख ऊन, शरीराचं घड्याळ वर चढत असलेलं. उरलेली झोप गेली.

यात फोन करणाऱ्या सिस्टरचा दोष नाही, तिच्यासमोर पेशंट आहे. बंदोबस्त दोन ठिकाणी करायला हवा.

पहिला हँडओव्हरमध्ये. निघायच्या आधी ‘माझ्याकडून काही राहिलंय का’ ही तीन-चार गोष्टींची यादी फोनच्या नोट्समध्ये कायमची लिहून ठेवा : चाव्या, नियंत्रित औषधांच्या नोंदी, नव्याने फोडलेल्या व्हायल कुठे आहेत, कोणते रिपोर्ट यायचे आहेत. पेशंटचं नाव त्यात कधीही लिहू नका, फक्त शीर्षकं. दुसऱ्या दिवशी येणारे निम्मे फोन या एका मिनिटात वाचतात.

दुसरा बंदोबस्त सेटिंग्जमध्ये. अँड्रॉइडवर ‘डू नॉट डिस्टर्ब’ आणि आयफोनवर ‘फोकस’ उघडा आणि ‘नाइटनंतर’ अशा नावाचा स्वतंत्र मोड बनवा. कॉल येऊ देण्याच्या यादीत तीन-चारच नंबर ठेवा : घरातलं एक माणूस, मुलांची शाळा, आजारी आई-वडील असतील तर त्यांच्याजवळचं कुणी. ऑन-कॉल असाल त्या दिवशी वॉर्डचा नंबर घाला आणि नंतर आठवणीने काढा.

याच पानावर एक सेटिंग दडलेलं असतं, ते बघाच. एकाच नंबरवरून लागोपाठ दुसऱ्यांदा कॉल आला तर मोड मोडून फोन वाजतो. अँड्रॉइडवर ही मुदत १५ मिनिटांची असते, आयफोनवर ३ मिनिटांची. कल्पना चांगली आहे, पण वॉर्डात ही युक्ती एकीला कळली की सगळ्यांना कळते. मी तर ते बंदच ठेवायला सांगेन. यादीतल्या चार नंबरांमधून खरी निकड पोचते.

आयफोनचं झोपेचं वेळापत्रक आठवड्याच्या वारांवर चालतं, त्यामुळे फिरत्या ड्युटीला ते जुळत नाही. फोकस हाताने सुरू करायची सवयच बरी. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनवर बेडटाइम मोड ठरलेल्या तासांत चार्जरला लावताच सुरू होईल असा ठेवता येतो. हे फार सोयीचं आहे, कारण थकलेल्या माणसाला बटण शोधावं लागत नाही. वॉर्डचे आणि नातेवाइकांचे ग्रुप कायमचे म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. प्रोफाइलवर ‘नाइट झाली आहे, दुपारी ५ नंतर उत्तर देईन’ एवढं लिहिलं तरी लोक समजून घेतात.

पायरी ३ : अलार्म

उठायला उशीर होईल ही धास्ती झोप पोखरते. ती गेली की झोप आपोआप सुधारते, म्हणून अलार्मवर पूर्ण भरवसा बसेल अशी व्यवस्था करा.

फोनचं घड्याळ २४ तासांच्या पद्धतीवर आणा. केस पेपरवर आपण १७:०० लिहितोच, तीच पद्धत फोनवर ठेवली की पहाटेचे पाच आणि संध्याकाळचे पाच यांची गल्लत होत नाही. ऑफच्या दिवसांचे सकाळचे अलार्म बंद करा, नाहीतर नेमका पहिला डोळा लागताना ते वाजतात. दोन अलार्म लावा, एक फोनवर आणि दुसरा शक्यतो वेगळ्या वस्तूवर, साधं टेबल घड्याळ असलं तरी चालेल.

बाहेरचं अलार्म ॲप वापरत असाल तर एक गोष्ट तपासाच. बरेच अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप बंद पाडतात आणि अलार्म वाजतच नाही. सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या बॅटरी पर्यायात जाऊन ते ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. डू नॉट डिस्टर्बमध्ये अलार्मला परवानगी आहे ना, तेही पाहा. आणि पहिल्या नाइटच्या आधी जागेपणी एकदा सगळा मोड सुरू करून, दहा मिनिटांचा अलार्म लावून, खरंच वाजतो का याची खात्री करून घ्या. अलार्म बंद करून परत झोपण्याची सवय असेल तर अलार्मी किंवा स्लीप ॲज अँड्रॉइड बघा. त्यांत गणित सोडवल्याशिवाय किंवा कोड स्कॅन केल्याशिवाय आवाज थांबत नाही असं ठेवता येतं.

पायरी ४ : उजेड

फोनच्या निळ्या उजेडाची चर्चा इतकी झाली आहे की खरा मुद्दा बाजूला पडतो. उजेड लक्समध्ये मोजतात. भर उन्हात १०,००० लक्सपासून १,००,००० लक्सपर्यंत उजेड असतो. वॉर्डात तो काही शेकडा असतो आणि फोनचा पडदा डोळ्यांपर्यंत त्याहूनही कितीतरी कमी पोचवतो. सकाळी आठला हॉस्पिटलच्या दारातून बाहेर पडताना मिळणारा उजेड मेलॅटोनिन, म्हणजे शरीराला ‘रात्र झाली’ असं सांगणारं संप्रेरक, दाबून टाकतो आणि घड्याळाला ‘दिवस सुरू’ असा आदेश देतो. त्यापुढे फोनचा फिल्टर ही दुय्यम बाब आहे. फिल्टर जरूर चालू ठेवा, पण खरं काम परतीच्या वाटेवर आणि खिडकीवर करायचं आहे.

गाडी स्वतः चालवत नसाल तर घरी जाताना गडद गॉगल लावा. स्वतः चालवत असाल तर आधी जागं राहणं महत्त्वाचं, गॉगल नको. मध्ये कामं उरकत फिरू नका. घरी पोचल्यावर पडदे आधीच ओढलेले असतील असं पाहा.

खोली पुरेशी अंधारी आहे का, हे फोनच सांगेल. लाइट मीटरचं कोणतंही मोफत ॲप घ्या, फोन उशीवर पडदा वर करून ठेवा आणि दुपारी बारा वाजता आकडा पाहा. २०२२ मध्ये झोप आणि उजेडाच्या अभ्यासकांच्या एका गटाने एकमताने सुचवलेल्या मर्यादा अशा आहेत : झोपताना डोळ्यांपाशी १ लक्सच्या वर नको, झोपेच्या आधीचे तीन तास १० च्या वर नको आणि जागेपणी किमान २५० असावा. त्यांचं माप डोळ्यातल्या उजेड ओळखणाऱ्या पेशींनुसार काढलेलं आहे आणि फोनचा सेन्सर ढोबळ असतो, म्हणून आकडा तंतोतंत धरू नका. दोन-तीनच्या पुढे गेला तर पडद्याच्या कडेने उजेड येतोय, एवढं समजा. मग जाड कापड लावा, फटी झाका किंवा डोळ्यांवर पट्टी बांधा. पट्टी हा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

रात्री उलटं करा. ड्युटीच्या पहिल्या अर्ध्या भागात जमेल तितक्या उजेडात बसा आणि पहाटे चारनंतर स्टेशनवरचा दिवा कामापुरता ठेवा. औषध काढताना मात्र दिवा पूर्ण लावायचाच, झोपेसाठी तिथे तडजोड नको.

पायरी ५ : शेवटचा कप आणि ड्युटीवरची डुलकी

कॅफीन ॲडिनोसिनची जागा अडवून ठेवतं, म्हणून झोपेची ओढ जाणवत नाही. ती नाहीशी झालेली नसते. शरीरातलं निम्मं कॅफीन निघून जायला साधारण ५ ते ६ तास लागतात. पहाटे साडेचारला घेतलेल्या कपातलं निम्मं कॅफीन सकाळी दहाला, म्हणजे तुम्ही अंथरुणात असता तेव्हा, रक्तात फिरत असतं. झोप लागेलही, पण उथळ लागेल आणि लवकर मोडेल. फोनवर रात्री दोनची ‘शेवटचा कप’ अशी रोजची आठवण लावा. पहिला कप ड्युटीच्या सुरुवातीला, शेवटचा दोनच्या आत. चारची झापड उठून चालण्याने, पाणी पिण्याने आणि डुलकीने घालवायची.

डुलकीबद्दल वॉर्डमध्ये उगाच अपराधी वाटून घेतलं जातं. लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर नासाने अभ्यास केला, त्यात सरासरी २६ मिनिटांच्या झोपेने कामगिरी ३४ टक्क्यांनी सुधारली होती. विमान चालवणाऱ्यांना जे लागतं ते इन्फ्यूजन चालवणाऱ्यांनाही लागतं. आपल्या हॉस्पिटलचा नियम इन्चार्जना विचारून घ्या. परवानगी असेल तर ब्रेकमध्ये टायमर २५ मिनिटांवर लावा, आवाजाऐवजी मनगटावरच्या घड्याळाचं किंवा खिशातल्या फोनचं व्हायब्रेशन ठेवा आणि दुसऱ्या सिस्टरला सांगून जा. त्याहून जास्त झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं जड राहतं. उठल्यावरची पहिली १५ मिनिटं डोसचं गणित किंवा रक्त चढवण्याची तपासणी करू नका. तेवढा वेळ साध्या नोंदींना द्या.

पायरी ६ : आवाज

दिवसाचे आवाज बंद करता येत नाहीत, झाकता येतात. पंख्यासारखा किंवा पावसासारखा एकसारखा आवाज देणारं कोणतंही ॲप चालेल, मायनॉइज त्यात चांगलं आहे. आवाज आधीच डाउनलोड करून ठेवा, म्हणजे इंटरनेटशिवाय चालेल आणि मध्येच जाहिरात वाजणार नाही. फोन उशीपासून हातभर लांब आणि आवाज बोलण्यापेक्षा हळू. कानात इअरबड घालून झोपू नका, अलार्म ऐकू येईल याची खात्री राहत नाही.

पायरी ७ : चौदा दिवसांची डायरी

आता मोजमाप. फोनमधली साधी नोट किंवा स्प्रेडशीट पुरे. रोज उठल्यावर दोन मिनिटांत लिहा : किती वाजता पडलात, अंदाजे किती झोपलात, कशाने जाग आली, शेवटचा कप कधी. आणि ड्युटीवर दोनदा, पहाटे चारला आणि निघताना, कॅरोलिन्स्का मापावर झोपाळूपणाचा आकडा लिहा. १ म्हणजे अगदी ताजंतवानं, ९ म्हणजे जागं राहायची झुंज चाललेली.

चौदा दिवसांनी पाहताना ‘कशाने जाग आली’ हाच रकाना आधी वाचा. समजा त्यात पाचदा ‘दाराची बेल’ आली. मग उपाय नव्या ॲपमध्ये नाही, बेलमध्ये आहे. निघतानाचा आकडा ८ किंवा ९ सतत येत असेल आणि झोपेचे तास पाचच्या आत असतील, तर पायरी १ मधल्या वेळा पाळल्या जात नाहीत. तास सात भरूनही आकडा तसाच असेल, तर डॉक्टरांकडे जायला हवं. दोन ड्युट्यांमध्ये ११ तासांपेक्षा कमी अंतर असलेल्या दिवसांवर खूण करा. युरोपीय संघाच्या कामाच्या तासांच्या नियमात रोज सलग ११ तासांची विश्रांती किमान धरलेली आहे, आणि ती का धरली हे तुमच्याच डायरीत दिसेल. इन्चार्जशी रोस्टरबद्दल बोलताना ‘फार दमायला होतं’ म्हणण्यापेक्षा अशी दोन पानं पुढे ठेवली की बोलणं पुढे सरकतं. मॉर्निंग, मग इव्हनिंग, मग नाइट अशी पुढे सरकणारी पाळी उलट्या क्रमापेक्षा शरीराला सोपी जाते, हेही तेव्हाच मांडा.

घड्याळ किंवा फोन झोपेचे टप्पे दाखवतो, त्यांवर फार विसंबू नका. ही साधनं हालचाल, नाडी आणि आवाजावरून अंदाज बांधतात. खरे टप्पे कळायला मेंदूच्या लहरी मोजाव्या लागतात. एकूण वेळेचा अंदाज बरा येतो, ‘गाढ झोप ४१ मिनिटं’ यासारखे आकडे मात्र मनाला लावून घ्यायचे नसतात. ड्युटीला निघण्यापूर्वी तर स्कोअर पाहूच नका. कमी दिसला की थकवा आणखी जाणवतो आणि त्या रात्रीपुरतं तुम्हाला काही बदलता येत नाही.

निद्रानाशासाठीची ॲपही आहेत. ती सीबीटी-आय, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलण्याच्या उपचारावर आधारलेली असतात. अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाची सीबीटी-आय कोच आणि इन्सोम्निया कोच ही मोफत आणि विश्वासार्ह आहेत. त्यांतले श्वासाचे, स्नायू सैल सोडण्याचे आणि मनातली चक्रं थांबवण्याचे भाग बिनधास्त वापरा. पण अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करण्याची जी पद्धत त्या उपचारात असते, ती रोज एकाच वेळी उठणाऱ्यांसाठी आखलेली आहे. फिरत्या पाळीच्या नर्सने ती ॲप पाहून स्वतः करू नये, त्यात ड्युटीवरचा झोपाळूपणा वाढतो.

कोणतंही ॲप घेताना परवानग्या वाचा. झोपेच्या ॲपला मायक्रोफोन लागू शकतो, तुमचे कॉन्टॅक्ट लागत नाहीत. हॉस्पिटलनेच ॲप दिलं असेल तर तुमच्या झोपेची माहिती कोण पाहणार आणि ती ड्युटी लावताना वापरणार का, हे आधी लेखी विचारा.

घरी जाताना

स्वतः गाडी चालवत असाल तर निघण्यापूर्वी डायरीतला आकडा बघा. ८ किंवा ९ असेल तर गाडीला हात लावू नका. टायमर लावून वीस मिनिटं हॉस्पिटलमध्येच झोपा आणि पूर्ण जाग आल्यावर निघा, किंवा फोनवरून गाडी बोलवा, किंवा घरच्यांना न्यायला सांगा. काच खाली करणं आणि मोठ्याने गाणी लावणं यांनी झोप जात नाही. शेवटचा किलोमीटरभर रस्ता आठवत नसेल, तर डोळे उघडे असतानाच काही क्षण झोप लागून गेलेली आहे. तिथेच कडेला थांबा.

फोन पुरत नाही तेव्हा

एवढं सगळं करूनही तीन महिन्यांहून जास्त काळ दिवसा झोप लागत नसेल किंवा ड्युटीवर डोळे मिटत असतील, तर तो शिफ्टमुळे होणारा झोपेचा विकार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, उठल्यावर डोकं दुखणं असेल तर थांबू नका. स्नोअरलॅबसारख्या ॲपवर एका झोपेचं रेकॉर्डिंग करून डॉक्टरांना ऐकवा, त्यांना दिशा मिळते, निदान मात्र झोपेच्या तपासणीतूनच होतं. सतत उदास वाटणं किंवा चुकीचा डोस हातून जाता जाता राहणं, हीसुद्धा लगेच बोलून दाखवायची गोष्ट आहे.

मेलॅटोनिन किंवा झोपेची गोळी सहकाऱ्याच्या सांगण्यावरून सुरू करू नका, कपाट हाताशी असलं तरी. मेलॅटोनिन कोणत्या तासाला घेतलं यावर घड्याळ पुढे सरकेल की मागे हे ठरतं, आणि काही झोपेच्या गोळ्यांचा अंमल संध्याकाळच्या ड्युटीपर्यंत उरतो. डॉक्टरांकडे जाताना चौदा दिवसांची डायरी, गेल्या दोन महिन्यांचं रोस्टर आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी फोनमध्ये तयार ठेवा. भेटीची वेळ मात्र कॅलेंडरमध्ये झोपेसाठी अडवलेल्या वेळेत घेऊ नका, संध्याकाळची मागून घ्या.